गव्हाचं नाव विचारता, मग त्यानं सोसलेलं हवामान का विचारत नाही?



पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या, कुरडया-शेवया करणाऱ्या, छोटी बेकरी असलेल्या आपल्या मित्र-मैत्रिणींकडून दरवर्षी मे-जूनच्या सुमारास एकच प्रश्न येतो. "सर, गहू तोच घेतला, दुकान तेच, गिरणी तीच. मग यंदा पोळी दुपारपर्यंत वातड का होतेय?" कुणी म्हणतं कणीक सैल पडते, कुणी म्हणतं पायलीला कुरडया कमी निघाल्या.

मग शोध सुरू होतो. आधी गिरणीवाल्यावर संशय, मग कणीक मळणाऱ्या मावशींवर, शेवटी तव्यावर आणि गॅसवर. मार्चमध्ये त्या गव्हाच्या शेतावर कसलं ऊन पडलं होतं, की काढणीच्या आठवड्यात पाऊस झाला होता, हे कुणीच विचारत नाही.

माझं मत आज स्पष्ट सांगतो. काहींना पटणार नाही, तरी सांगतो. ज्याचा धंदा गव्हावर चालतो त्यानं "लोकवन द्या", "सिहोर द्या" एवढंच म्हणून गहू घेणं आता बंद केलं पाहिजे. नाव म्हणजे बियाण्याचं किंवा गावाचं नाव. तुमच्या परातीत येतं ते त्या बियाण्यानं त्या वर्षीच्या हवामानात जे कमावलं ते. नाव दरवर्षी तेच राहतं, माल दरवर्षी बदलतो. आणि अलीकडच्या वर्षांत तो जरा जास्तच बदलतोय.

दाणा भरतो तेव्हा नक्की काय होतं?

थोडं शास्त्र समजून घेऊ, घाबरू नका.

गव्हाच्या दाण्यात वजनानं सगळ्यात जास्त असतो स्टार्च, म्हणजे आपला चीक. साधारण साठ ते सत्तर टक्के. प्रथिनं असतात नऊ ते चौदा टक्क्यांच्या आसपास. या प्रथिनांपासूनच ग्लुटेन तयार होतं. कणीक ताणली जाते, पोळी फुगते, पाव उभा राहतो तो त्याच्या जोरावर. बाहेरून सालीचं आवरण, तो कोंडा.

ओंबी बाहेर पडल्यावर पुढचा महिना-सव्वा महिना दाणा भरण्याचा असतो. आधी दुधाळ, मग चिकाळ, मग टणक. या काळात रोपाला थंड रात्री आणि मवाळ दिवस हवे असतात. आपल्याकडे जुनी माणसं म्हणतात ना, "थंडी चांगली पडली, गहू चांगला येणार", त्यामागचं कारण हेच. थंडीत दाणा निवांत भरतो, जास्त दिवस भरतो.

महाराष्ट्रात थंडीचा विषय निघाला की निफाडचं नाव येतंच. हिवाळ्यात राज्यातलं नीचांकी तापमान बऱ्याचदा तिथंच नोंदवलं जातं. गव्हाचं संशोधन केंद्रही निफाडलाच आहे. त्र्यंबक, तपोवन, गोदावरी ही वाणं तिथलीच.

आता यात दोन गोष्टी बिघडू शकतात. दाणा भरताना ऊन तापलं तर एक प्रकारचं नुकसान. दाणा पिकून काढणीला आल्यावर पाऊस आला तर दुसऱ्याच प्रकारचं. दोन्हीकडे गव्हाचं नाव तेच राहतं, पण पीठ वेगवेगळं वागतं. हा फरक समजला की अर्धं काम झालं.

उन्हाचा चटका : २०२२ आठवतंय?

मार्च २०२२. हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशातला तोपर्यंतचा सगळ्यात तापलेला मार्च. देशाचं सरासरी कमाल तापमान ३३.१ अंश, पाऊस जवळपास नाहीच. पंजाब-हरियाणात तेव्हा गहू ऐन भरण्यात होता.

उष्णतेत रोप घाई करतं. महिनाभर चालणारं भरण्याचं काम लवकर आटोपतं. स्टार्च बनवणारी दाण्यातली यंत्रणा उष्णतेला फार नाजूक असते, त्यामुळे चीकच पुरेसा भरत नाही. दाणा बारीक, सुरकुतलेला, चिमलेला राहतो.

किती चिमलेला? सरकारी खरेदीत चिमलेल्या आणि तुटक्या दाण्यांची नेहमीची मर्यादा ६ टक्के असते. त्या वर्षी केंद्र सरकारला पंजाब, हरियाणा आणि चंडीगडमध्ये ती १८ टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली, आणि तीही भावात कपात न करता. म्हणजे तिप्पट! फेब्रुवारीत सरकारचा अंदाज होता सुमारे ११ कोटी १३ लाख टनांचा, मे महिन्यात तो साडेदहा कोटींच्या आसपास आणावा लागला. १३ मे २०२२ ला निर्यातबंदी आली.

बातम्यांमध्ये आपण उत्पादन आणि भाव एवढंच वाचलं. पण ६ चे १८ झाले याचा अर्थ आपल्यासारख्या धंदेवाल्यांसाठी काय होता, ते कुणी सांगितलं नाही.

अर्थ असा. चिमलेल्या दाण्यात चीक कमी आणि त्या मानानं साल जास्त. तुम्ही पीठ चाळून वापरत असाल तर चाळणीवर कोंडा जास्त राहतो. न चाळता वापरलं तर पोळीचा रंग काळपट येतो. प्रथिनांची टक्केवारी कागदावर वाढलेली दिसते, कारण चीक घटलेला असतो. पण फार तापलेल्या दिवसांत भरलेल्या दाण्यातल्या प्रथिनांची जडणघडणही बिघडते. त्यामुळे टक्केवारी चांगली असूनही कणीक हवी तशी ताकद धरेलच असं नाही. "प्रोटीन जास्त म्हणजे गहू भारी" हे गणित अशा वर्षी चालत नाही.

आणि ही फक्त पंजाबची गोष्ट नाही. आपल्याकडे पेरणी उशिरा झाली, म्हणजे ऊस किंवा सोयाबीन निघायला वेळ लागला आणि गहू डिसेंबरमध्ये गेला, की त्याचं भरणं सरळ मार्चच्या उन्हात सापडतं. साधारण वर्षीसुद्धा! म्हणून एकाच गावात, एकाच वाणाचे, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला आणि डिसेंबरात पेरलेला असे दोन गहू वेगळे निघतात. दुकानात दोघांचीही पाटी एकच.

काढणीचा पाऊस : २०२३ चा धडा

पुढच्याच वर्षी, मार्च २०२३ मध्ये, उलटं झालं. पीक उभं, दाणा पिकलेला, आणि देशाच्या बऱ्याच भागात अवकाळी पाऊस आणि गारपीट. मध्य प्रदेश, राजस्थान, पंजाब, हरियाणा, सगळीकडे तक्रार एकच, गव्हाची चमक गेली. सरकारनं पुन्हा निकष सैल केले. चमक गेलेला गहू घेण्याची मर्यादा काही ठिकाणी भावात कपात लावून ८० टक्क्यांपर्यंत नेली.

चमक जाणं म्हणजे काय? पिकलेला दाणा भिजतो, फुगतो, पुन्हा वाळून आकसतो. त्यात आतली घट्ट, काचेसारखी बांधणी सैल होते. दाणा पांढुरका, मंद दिसतो. फक्त चमक गेली असेल आणि पुढं काही झालं नसेल तर फार बिघडत नाही. दाणा मऊ झालेला असतो, पीठ पाणी थोडं कमी धरतं, बस.

खरा धोका त्यापुढचा आहे. पाऊस दोन-चार दिवस टिकला, पीक आडवं पडलं, तर दाण्याला ओंबीतच कोंब फुटू लागतो. कधी तो डोळ्यांना दिसतो, कधी आतल्या आत सुरुवात झालेली असते. कोंब फुटायला लागला की दाणा स्वतःचा साठा मोडायला काढतो. स्टार्चची साखर करणारं अमायलेज नावाचं विकर तयार होतं. बाळरोपासाठी ते अमृत, पण आपल्या कणकेसाठी घात. अशी कणीक मळताना ठीक वाटते आणि तासाभरानं सैल होऊन हाताला चिकटते. पोळी आतून गिच्च लागते, तव्यावर लवकर लालसर होते. पावाचा गाभा चिकट राहतो, सुरीला लागतो.

मोठ्या गिरण्या यासाठी "फॉलिंग नंबर" नावाची चाचणी करतात. पीठ-पाण्याचं मिश्रण गरम करून त्यात एक दांडी सोडतात आणि ती तळाला पोचायला किती सेकंद लागतात ते मोजतात. चांगल्या गव्हाची खळ घट्ट होते, दांडी हळूहळू उतरते, तीनशे सेकंदांच्या आसपास किंवा जास्त लागतात. कोंब फुटलेल्या गव्हाची खळ पातळ, दांडी झर्रकन खाली. आपल्याकडे हे यंत्र नाही, पण तत्त्व घरच्या गॅसवर वापरता येतं. ते पुढं सांगतो.

एक गोष्ट मात्र आत्ताच पाठ करून ठेवा. उन्हानं चिमलेला गहू चांगल्या गव्हात मिसळून निभावता येतो. कोंब फुटलेला गहू मिसळू नका. त्या विकराचं थोडं प्रमाणही बाकीच्या चांगल्या पिठातला स्टार्च मोडत राहतं. स्वस्त मिळालं म्हणून घेतलेलं एक पोतं शेजारची तीन चांगली पोती नासवू शकतं.

दाणा भरताना ढगाळ, दमट हवा राहिली तर दाण्याचं टोक काळं पडतं. माशासारखा उग्र वास येणारा गहू दिसला तर ती बहुधा कर्नाल बंट नावाची बुरशी. असा माल दरात कितीही घासाघीस करून मिळाला तरी नको.

"पण आम्ही तर सिहोरच घेतो!"

हे वाक्य मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. सिहोर हे गाव आहे हो, हमीपत्र नाही!

मध्य प्रदेशातल्या सिहोर भागाचा शरबती गहू खरंच उत्तम. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्याचं नाव झालं कशामुळे? काळी जमीन, कमी पाण्यावर येणारं पीक, कोरडा हिवाळा आणि कोरडी काढणी. म्हणजे त्याच्या गुणांचा मोठा वाटा हवामानाचाच. काढणीचं ते कोरडेपण ज्या वर्षी मोडतं, त्या वर्षी नाव "सिहोर" आणि दाणा निस्तेज, असं होतं. शिवाय राज्यभरातल्या बाजारात "सिहोर" म्हणून जेवढा गहू विकला जातो तो सगळा तिथलाच असेल, असं समजायचं काहीही कारण नाही.

लोकवनचंही तसंच. मूळ गुजरातमधल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेचं वाण. टपोरा दाणा, वेळेवर पेरलं तर छान पोळी. उशिरा पेरलं, मार्च तापला, तर तोच लोकवन चिमलेला.

कोणत्या धंद्याला काय टोचतं?

सगळ्यांना एकच नियम लावू नका. आपला पदार्थ कशावर उभा आहे ते ओळखा.

*कुरडई.* सगळ्यात सरळ हिशोब इथं आहे. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, गाळायचा, चीक खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी काढून तो शिजवायचा. म्हणजे तुम्ही विकता तो गव्हातला चीक, बाकी चोथा जातो. ज्या वर्षी उन्हानं दाण्यात चीक कमी भरला, त्या वर्षी तेवढ्याच गव्हात कुरडया कमी निघणारच. यात कुणाच्या हाताचा दोष नाही. आणि काढणीच्या पावसात कोंब धरलेला गहू असेल तर चीक शिजवताना घट्टच होत नाही, सोऱ्यातून पडणारी तार तुटते. बचत गटातल्या ताईंनो, तुमचा हंगाम एप्रिल-मे, म्हणजे नवा गहू बाजारात आल्या आल्या. धोका सगळ्यात आधी तुमच्याच दारात येतो.

*पोळी-चपाती.* तुमचा कस लागतो दुपारी एक वाजता, डबा उघडल्यावर. सकाळी सगळ्याच पोळ्या मऊ असतात. पाणी किती धरतं आणि चार तासांनी मऊ राहते का, हे दोन प्रश्न तुमचे.

*पाव, ब्रेड.* तुम्हाला ग्लुटेनची ताकद हवी. बारीक दाणा एक वेळ चालेल, कोंबाचा गहू अजिबात नाही. तुम्ही मैदा विकत घेता, तेव्हा हंगाम बदलताना गिरणीकडे फॉलिंग नंबर आणि ग्लुटेनचा आकडा मागा. मागणाऱ्याला तो मिळतो. न मागणाऱ्याला कुणी आपणहून देत नाही.

*नानकटाई, बिस्किट.* तुमचं उलटं. तुम्हाला कमी ताकदीचं पीठ हवं. नुसती चमक गेलेला, पण कोंब न धरलेला मऊ गहू तुम्हाला चालून जातो, आणि तो स्वस्तही मिळतो. दुसऱ्याचा तोटा तो तुमचा फायदा होऊ शकतो.

*शेवया, रवा.* बन्सी किंवा गोदावरीसारखा कठीण गहू घेता तेव्हा दाणा काचेसारखा अंबरी हवा. त्यावर पांढुरके पिठूळ डाग दिसले तर त्याला नत्र कमी पडलंय किंवा शेवटी पाणी जास्त झालंय. असा दाणा दळताना रवा कमी आणि पीठ जास्त देतो.

पोतं घेण्याआधी चार तपासण्या

यंत्र नको, प्रयोगशाळा नको. एक ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, एक लिटरचं माप, एक ताट. नमुना पोत्याच्या तोंडाशी असलेला घेऊ नका, मधला आणि तळाचाही घ्या.

१. मापाचं वजन. एक लिटरचं माप काठोकाठ भरा, पट्टीनं सपाट करा, आतला गहू तोला. चांगला भरलेला गहू साधारण ७६० ते ८०० ग्रॅम भरतो. ७५० च्या खाली आला तर दाणा पोकळ आहे. भाव त्याप्रमाणे बोला किंवा पुढच्या दुकानात जा.

२. शंभर ग्रॅमचं ताट. शंभर ग्रॅम गहू ताटात पसरा. चिमलेले आणि तुटके वेगळे काढा, तोला. ६ ग्रॅमच्या वर गेले तर सरकारच्या नेहमीच्या निकषातही तो बसत नाही. कोंबाची खूण असलेले आणि टोक काळे असलेले दाणे वेगळे मोजा. कोंबाच्या बाजूची साल फाटलेली दिसली तरी तो कोंबाचाच समजा.

३. खळ. पन्नास ग्रॅम पीठ, तीनशे मिली पाणी. गुठळ्या मोडून मंद आचेवर ढवळत राहा, उकळी आल्यावर दोन मिनिटं. शेजारी खात्रीच्या जुन्या पिठाची तशीच खळ करा. दोन्ही थंड होऊ द्या. नवीची खळ जुनीपेक्षा स्पष्ट पातळ, वाहती असेल तर त्या गव्हानं कोंब धरलेला आहे. घेऊ नका. पूर्वी पतंगाला आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना याच खळीनं चिकटवायचे, तीच ही खळ.

४. तासाची कणीक. अर्धा किलो पीठ, पाणी मोजून घाला, रोजच्या हाताला बरोबर वाटेल इतकं. किती लागलं ते लिहा. तासाभरानं कणीक पुन्हा दाबून बघा, सैल पडली का? दहा पोळ्या करा, फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, चार तासांनी खाऊन बघा.

कुरडईवाल्यांनी एक जास्तीची तपासणी करावी. किलोभर गहू भिजवून चीक काढा आणि पाणी निथळल्यावर तोला. दरवर्षीचा आकडा वहीत लिहीत गेलात की तीन वर्षांत तुमच्याकडे असा हिशोब तयार होईल जो कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

आणि ओलावा. सरकारी निकष १२ टक्क्यांचा आहे, १४ पर्यंत कपातीनं घेतात. दाताखाली कट्कन फुटला तर कोरडा, दबला तर ओला. ओला गहू वर्षभरासाठी भरून ठेवणं म्हणजे किड्यांना आणि बुरशीला आमंत्रण.

"एवढं कोण करत बसणार?" हिशोब बघा

समजा तुमचं केंद्र रोज ३० किलो पीठ वापरतं. चांगलं पीठ किलोला ६५० मिली पाणी धरतं, म्हणजे १६५० ग्रॅम कणीक. चाळीस ग्रॅमचा गोळा धरला तर ४१ पोळ्या. आता पावसात भिजलेल्या गव्हाचं पीठ आलं आणि ते ५७० मिलीवरच थांबलं. कणीक १५७० ग्रॅम, पोळ्या ३९. किलोमागे दोन पोळ्या गेल्या.

तीस किलोला साठ पोळ्या. सात रुपयांना एक विकत असाल तर दिवसाला ४२० रुपये. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर १०,९२० रुपये.

तो गहू तुम्ही किलोमागे दोन रुपये स्वस्त मिळाला म्हणून घेतला होता. दिवसाची बचत किती? साठ रुपये! साठ वाचवायला चारशे वीस घालवले, आणि जे गिऱ्हाईक न बोलता दुसरीकडे गेलं त्याचा हिशोब यात धरलेलाच नाही.

हे आकडे माझ्या उदाहरणातले आहेत. तुमचे तुम्ही टाका, पण टाकाच.

"आम्ही ब्रँडेड आटाच घेतो, आम्हाला काय त्याचं" असंही काहीजण म्हणतील. मोठ्या गिरण्या वेगवेगळ्या भागांतला गहू, नवा-जुना, तपासून मिसळतात आणि त्यामुळे त्यांचा माल बऱ्यापैकी एकसारखा राहतो. हे चांगलंच आहे. पण त्या तपासणीचे पैसे तुम्ही पाकिटामागे मोजता. तेच काम स्वतःच्या प्रमाणावर करा, एवढंच माझं म्हणणं.

मग खरेदी कशी करायची?

पहिलं, वर्षाचा सगळा गहू एका दिवसात, एका दुकानातून भरू नका. घरासाठी ती पद्धत ठीक होती. धंद्यासाठी दोन-तीन हप्त्यांत, दोन वेगळ्या भागांतला घ्या. एका भागात पाऊस झाला तरी दुसरा हाताशी राहतो.

दुसरं, जुन्या गव्हाची निदान महिना-दीड महिन्याची शिल्लक ठेवा. नवा गहू लगेच दळला तर नीट वागत नाही, त्याला मुरायला वेळ लागतो. नवा-जुना मिसळत मिसळत पुढं सरका.

तिसरं, फेब्रुवारी-मार्चमध्ये हवामानाच्या बातम्या धंद्याच्या बातम्या म्हणून वाचा. तुमचा गहू ज्या जिल्ह्यातून येतो तिथं ऊन कधी तापलं, पाऊस कधी झाला, तारखेसह वहीत. मग व्यापाऱ्याला तीन प्रश्न विचारा. कुठला आहे? पेरा कधीचा? काढणीवर पाऊस झाला होता का? उत्तर आलं नाही तरी हरकत नाही. विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला कुणी सहज काहीही गळ्यात मारत नाही.

चौथं, जमेल त्यांनी थेट शेतकऱ्याशी किंवा शेतकरी उत्पादक कंपनीशी बोला. पेरणीच्या आधी. "वेळेवर पेरलेला, काढणीनंतर कोरडा ठेवलेला, मापाला ७७० च्या वर भरणारा गहू असेल तर बाजारापेक्षा दोन रुपये जास्त देईन", एवढं वाक्य. इथं मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. मार्चचं ऊन आणि काढणीचा पाऊस शेतकऱ्यानं आणलेला नाही. चिमलेला गहू दाखवून त्याला पाडून बोलणं सोपं आहे. पण चांगला दाणा आणला त्या वर्षी आपण जास्त पैसे दिले होते का? दिले नसतील, तर वाईट वर्षी कापायचा हक्क कुठून आला? गुणाला भाव दिला तरच पुढच्या वर्षी गुण येईल. वेळेवर पेरणी, शेवटचं पाणी नीट देणं, मळणीनंतर ताडपत्री, याला खर्च येतो, आणि तो एकट्या शेतकऱ्यानं का सोसायचा?

हे पुढं सुधारेल का?

मला तसं वाटत नाही. २०२२ मध्ये ऊन आणि २०२३ मध्ये पाऊस, लागोपाठ दोन वर्षं दोन वेगवेगळ्या कारणांनी सरकारला निकष सैल करावे लागले, हा इशारा पुरेसा आहे. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की ऊन-पाऊस ठीक असूनही दाण्याचा कस उतरतो. २०१४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, या शतकाच्या मध्याला अपेक्षित असलेल्या पातळीच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवलेल्या गव्हात जस्त सुमारे ९ टक्के, प्रथिनं सुमारे ६ टक्के आणि लोह सुमारे ५ टक्के कमी आढळलं होतं. शास्त्रज्ञ उष्णता सोसणारी वाणं काढतायत, पुण्याच्या आघारकर संस्थेत आणि निफाडलाही काम चालू आहे. पण वाण आलं तरी हवामान दरवर्षी आपली सही करणारच.

म्हणून या हंगामात एवढं तरी करा. पुढचं पोतं घ्यायला जाल तेव्हा लिटरचं माप आणि छोटा काटा सोबत न्या. दुकानदार हसेल. हसू दे. दोन दुकानांतला "लोकवन" तोलून बघा आणि आलेले दोन आकडे खाली कमेंटमध्ये लिहा, जिल्ह्याच्या नावासह. कुरडईवाल्या ताईंनी किलोमागे चीक किती निघाला ते लिहा. शंभर जणांनी लिहिलं तर कुठल्या भागातला गहू यंदा कसा आहे, हे आपल्या सगळ्यांना खरेदीच्या आधी कळेल.

भेटू पुढच्या लेखात. तोपर्यंत तोला, लिहा, मगच पैसे द्या.